दादोबा पांडुरंग तर्खडकर : मराठीचं व्याकरण आलं ते कुठून?



आजचा पाठ थोडा वेगळा आहे. त्यात एका माणसाचं चरित्र आहे आणि वाक्यरचनेचा एक धडाही आहे. आधी माणसाची ओळख करून घेऊ.

दादोबा पांडुरंग तर्खडकर यांचा जन्म ९ मे १८१४ रोजी मुंबईत झाला. घराणं मूळचं वसईजवळच्या तर्खड गावचं, म्हणून तर्खडकर. तुमच्या लक्षात आलंय का, आपल्याकडे माणूस कुठून आला हे विचारावंच लागत नाही, ते आडनावातच लिहिलेलं असतं! मात्र ओळखले जातात ते दादोबा पांडुरंग या नावानेच. वडिलांचं नाव पांडुरंग, आईचं यशोदा. पुढे त्यांनी मोरोपंतांच्या केकावलीवर टीका, म्हणजे अर्थ उलगडणारा ग्रंथ लिहिला. १८६५ मध्ये तो आला, तेव्हा त्याला नाव दिलं यशोदा-पांडुरंगी. आईबापांचं नाव पुस्तकाला. मला ही गोष्ट फार आवडते.

ते धाकटे असताना पेशवाई बुडाली. मुंबईत इंग्रजी पद्धतीच्या शाळा नुकत्याच निघत होत्या. त्यांपैकी नेटिव्ह एज्युकेशन सोसायटीच्या शाळेत ते शिकले. तिथं इंग्रजी व्याकरण घोकावं लागे. त्या काळी लिंडले मरे यांचं १७९५ सालचं इंग्रजी व्याकरण शाळाशाळांतून चाले. संस्कृतचं व्याकरण तर पाणिनीपासूनचं, हजारो वर्षांचं. आणि मराठी? मराठी सगळे बोलत होते, पत्रं लिहीत होते, पण मराठी मुलाच्या हातात द्यावं असं मराठीचं व्याकरण नव्हतं. विल्यम केरी यांनी बंगालातल्या श्रीरामपूरहून १८०५ मध्ये मराठीचं व्याकरण छापलं होतं, पण ते होतं इंग्रजीत, साहेबांना मराठी शिकवण्यासाठी. मुंबईत काही शास्त्रीमंडळींनी प्रयत्न केले होते. दादोबांच्याच सुमारास गंगाधरशास्त्री फडके यांनीही व्याकरण लिहिलं. तेव्हा दादोबांच्या आधी कुणी काही केलंच नाही असं म्हणणं बरोबर नाही. पण शाळेत रुजलं आणि पिढ्यान्‌पिढ्या चाललं ते दादोबांचं पुस्तक. १८३६ मध्ये ते प्रसिद्ध झालं. दादोबांचं वय तेव्हा बावीस!

बावीस वर्षांचा मुलगा आपल्या भाषेचे नियम शोधायला बसतो, तेव्हा त्याच्यापुढे दोनच आरसे होते. एक संस्कृतचा, एक इंग्रजीचा. आज आपण चौथी-पाचवीपासून जे शिकवतो त्यात या दोन्ही आरशांचं प्रतिबिंब आहे. नाम, सर्वनाम, विशेषण, क्रियापद अशा शब्दांच्या आठ जाती आल्या त्या इंग्रजी व्याकरणावरून. प्रथमा, द्वितीया, तृतीया अशा विभक्ती आल्या त्या संस्कृतातून. स्वल्पविराम, पूर्णविराम वगैरे चिन्हं आली तीही इंग्रजीतूनच, आणि ती मराठीत रूढ केली मेजर थॉमस कँडी यांनी. म्हणजे कपाट आपलं नव्हतं, कप्पेही आपले नव्हते, पण त्यात ठेवायची वस्तू आपली होती. प्रत्यय मराठीचेच होते. स, ला, ते. ने, ए, शी. ऊन, हून. हे काही पाणिनीकडून मिळाले नाहीत, मरेसाहेबांकडूनही नाहीत. ते मिळाले घराघरांतून, बाजारातून, माणसांच्या बोलण्यातून.

आता ऊन, हून इथे थोडं थांबा. ही पंचमी विभक्ती. हिचा कारकार्थ अपादान, म्हणजे एका ठिकाणाहून दुसरीकडे जाणं, वियोग. सोप्या भाषेत, कुठून? या प्रश्नाचं उत्तर. आणि नेमकं इथेच इंग्रजीतलं एक वाक्य आपल्या मुलांना अडवतं. बघू कसं ते.

आमचं पाली राजगडाच्या पायथ्याचं. गडाच्या पाली दरवाजाला नाव मिळालं ते याच गावावरून. त्यामुळे इथल्या मुलांना उदाहरण द्यायचं तर गडाचंच द्यावं लागतं, दुसरं पटकन पोचत नाही. तर घ्या हे वाक्य :

महाराज लेफ्ट फॉर आग्रा फ्रॉम राजगड.

सन १६६६, महाराज राजगडावरून आग्र्याला निघाले. साधी माहिती. पण समजा कुणी म्हणालं, महाराज आग्र्याला गेले ते रायगडावरून. आपल्याला ते खोडायचंय. निघणं दोघांनाही मान्य आहे, आग्राही मान्य आहे. वाद फक्त कुठून एवढाच. तेव्हा इंग्रजी काय करते? वाक्याचे दोन तुकडे करते.

इट वॉज फ्रॉम राजगड दॅट महाराज लेफ्ट फॉर आग्रा.

पहिल्या तुकड्यात फक्त महत्त्वाची गोष्ट, म्हणजे राजगडावरून. दुसऱ्या तुकड्यात सगळ्यांना ठाऊक असलेली गोष्ट. अशा वाक्याला क्लेफ्ट सेंटेन्स म्हणतात, क्लेफ्ट म्हणजे चिरलेलं, दुभंगलेलं. हे नाव दिलं डेन्मार्कचे भाषापंडित ऑटो येस्पर्सन यांनी, १९३७ च्या पुस्तकात. म्हणजे दादोबांच्या व्याकरणानंतर एकशे एक वर्षांनी. वाक्यं त्याआधीही लोक बोलतच होते. नाव नंतर मिळालं. भाषेत नेहमी असंच होतं.

या इट ला अर्थ काय, असं मुलं विचारतात. काही नाही! पावसाला आपण पडतोय म्हणतो आणि इंग्रजीत इट इज रेनिंग म्हणतात, तिथल्या इट सारखाच हा नुसता जागा धरून बसलेला शब्द. इंग्रजीत कर्त्याची जागा रिकामी चालत नाही, म्हणून कुणाला तरी बसवायचं.

घोळ होतो तो भाषांतर करताना. मुलं लिहितात, ते होते राजगडावरून की महाराज आग्र्याला निघाले. शब्दाला शब्द जुळला, पण हे मराठी नव्हे. आणि मग मूल म्हणतं, इंग्रजीत असं जोर देऊन बोलता येतं, मराठीत येत नाही. हे ऐकलं की मला दादोबांची आठवण होते. मराठीला नियमच नाहीत, ती काय शिकायची, असं मानणाऱ्या काळात त्यांनी लिहायला घेतलं होतं. तो समज पुरता गेलेला नाही. आमच्यासारख्या लहान गावांत पालक मूल इंग्रजी माध्यमात घालायला तालुक्याच्या गावी गाडी लावतात. त्यांना दोष नाही देत मी. मुलाचं भलं कुणाला नको? पण मूल जर असं मानून बसलं की आपल्या घरच्या बोलीला काही येत नाही, तर त्याला दोन्ही भाषा अर्ध्याच येतात.

आता त्याच मुलाला सांगा, घरी आजी कशी बोलते ते आठव. पाहुणे दारात आले की आजी विचारते, आलात ते कुठून? आणि पाहुणे सांगतात, आलो तो थेट भोरहून. बघा! क्रियापद आधी, मग तो किंवा ते, मग जोर द्यायचा शब्द. हेच तर आपलं चिरलेलं वाक्य.

महाराज आग्र्याला निघाले ते राजगडावरून.

इंग्रजीने महत्त्वाची गोष्ट पुढे आणली, मराठीने ती शेवटी ठेवली. आधी ठाऊक असलेलं सांगून टाकलं, मग ते वर जरा थांबा, आणि मग उत्तर. कान देऊन ऐकलंत तर यात जो-तो ची जुनी जोडी ऐकू येईल. जे निघाले ते. त्यातला जे गळून गेलाय, ते उरलाय.

आणखी एक गंमत. इंग्रजीतला इट कधी बदलत नाही. बाई असो, गडी असो, नदी असो, इट तो इटच. मराठीत मात्र हा शब्द क्रियापदाबरोबर बदलतो. सईबाई राणीसाहेब आल्या त्या फलटणहून. नीरा नदी निघते ती भोर तालुक्यातल्या शिरगावहून. राजगड बांधला तो तोरण्यावर सापडलेल्या धनातून, असं परंपरेनं सांगतात. इथं बांधला महाराजांनी, पण क्रियापद चालतं ते गडाप्रमाणे, कारण कर्मणी प्रयोग आहे, म्हणून तो. आणि आईने मला ओळखलं ते आवाजावरून. हा भावे प्रयोग, म्हणून नपुंसकलिंगी ते. मला असेल मुलगा वा मुलगी, ते बदलत नाही. शिक्षक मित्रांनो, प्रयोग शिकवायला याहून चांगलं साधन मला तरी मिळालेलं नाही. कर्ता-कर्म-क्रियापद फळ्यावर मांडून जे पाठ होत नाही ते या ते-तो-ती वरून पटकन कळतं.

वरच्या वाक्यांत तुम्ही एक पाहिलंत का? इंग्रजीकडे एकच फ्रॉम. आपल्याकडे किती! ठिकाणाहून आला तर फलटणहून. उंचावरून उतरला तर राजगडावरून. एखाद्या साठ्यातून काढलं तर धनातून. कशाचं काही बनलं तर दुधापासून दही. माणसाकडून मिळालं तर कडून. खुणेने कळलं तर आवाजावरून. संभाजीराजांचा जन्म १६५७ चा, पुरंदरावरचा. त्यांना दूध पाजायला धाराऊ आल्या त्या कापूरहोळहून, आणि दूध मिळालं ते धाराऊंकडून. इंग्रजीत दोन्हीकडे फ्रॉम. मराठीत गाव वेगळं, माणूस वेगळा. आमची मुलं तर गावाकडनं, गडावनं असं बोलतात. तेही चूक नव्हे, बोली आहे. वहीत लिहिताना गडावरून लिहा, पण कुणी गडावनं म्हटलं म्हणून हसू नका.

मराठीत जोर देण्याची दुसरीही सोय आहे, तो आपला च. महाराज राजगडावरूनच निघाले. पण या दोन्हींचा सूर एक नाही. च मध्ये वाद आहे, दुसरीकडून नव्हेच असा ठेका आहे. निघाले ते राजगडावरून यात भांडण नाही, नुसतं बोट दाखवणं आहे. इंग्रजीच्या एकाच रचनेत दोन्ही बसतं, म्हणून भाषांतर करताना आधी प्रसंग बघायचा. कुणाचं खोडायचं असेल तर च, सांगायचं असेल तर ते.

मराठीतून इंग्रजीत जाताना दोन चुका हमखास होतात, त्या सांगून पुढे जाते. पहिली, फ्रॉम गाळणं. इट वॉज राजगड दॅट महाराज लेफ्ट फॉर आग्रा, असं लिहिलं तर राजगडच निघाला की काय, असा गोंधळ होतो. दुसरी, फ्रॉम दोनदा घालणं, एकदा राजगडाआधी आणि पुन्हा शेवटी. एकदाच, आणि शक्यतो राजगडाला चिकटून.

हे सगळं दादोबांच्या पुस्तकात शोधायला जाऊ नका. त्यांनी पाया घातला, भिंती पुढच्यांनी उभ्या केल्या. ही आले ते वाली रचना आजच्या शाळेच्या पुस्तकातही मला वेगळं नाव देऊन शिकवलेली दिसली नाही. उसन्या कपाटाचा तोटा असतो तो हाच. ज्या वस्तूला कप्पा नाही ती बाहेरच राहते.

पण दादोबा नुसते व्याकरणकार नव्हते, आणि त्यांचं उरलेलं आयुष्य वाचलं की त्या व्याकरणाकडेही वेगळ्या नजरेनं बघावंसं वाटतं. ते मुळात शिक्षक. माळव्यातल्या जावऱ्याच्या नवाबाला त्यांनी काही काळ शिकवलं, मुंबईत एल्फिन्स्टन संस्थेत शिकवलं, मग सुरतेच्या इंग्रजी शाळेत गेले. तिथं दुर्गाराम मेहता आणि इतर मित्रांबरोबर १८४४ मध्ये मानवधर्मसभा काढली. सगळ्या माणसांचा धर्म एक, जातिभेद खोटा, मूर्तिपूजा नको, असा तिचा विचार. १८४६ मध्ये ते मुंबईला परतले ते शिक्षक तयार करणाऱ्या नॉर्मल क्लासचे प्रमुख म्हणून. आपण डीएड झालेली मंडळी. आपल्या या पदविकेची मुळं शोधत गेलं तर अशाच वर्गांपर्यंत पोचावं लागतं.

१८४९ मध्ये मुंबईत परमहंस सभा सुरू झाली. तिच्यामागे विचार होता तो दादोबांचा. सभा गुप्तपणे चाले. सभासद व्हायचं तर ख्रिस्ती माणसाच्या हातचा पाव खावा लागे. आज हे वाचून तुम्हाला हसू येईल, पण त्या काळी एवढ्यावरून माणूस वाळीत पडे, घरात लग्नकार्य होईना. पुढे सभासदांची नावं फुटली आणि १८६० च्या सुमारास सभा मोडली. मला वाटतं, गुप्त राहून समाज बदलत नाही हे त्यातून पुढच्यांनी ओळखलं असावं. १८६७ मध्ये प्रार्थना समाज उघडपणे स्थापन झाला, आणि त्याच्या संस्थापकांत दादोबांचे धाकटे बंधू डॉ. आत्माराम पांडुरंग होते. याच आत्मारामांच्या घरी १८७८ मध्ये तरुण रवींद्रनाथ ठाकूर इंग्रजी सुधारायला राहिले होते. दुसरे भाऊ भास्कर पांडुरंग. त्यांनी १८४१ मध्येच इंग्रजी वर्तमानपत्रात पत्रं लिहून इंग्रजी राज्य देशाला कसं लुटतंय ते मांडलं. एकाच घरातून केवढं काही निघालं बघा!

१८५२ मध्ये दादोबा डेप्युटी कलेक्टर होऊन अहमदनगरला गेले. तिथं भिल्लांचा उठाव मोडण्यात त्यांचा हात होता, आणि त्याबद्दल सरकारनं त्यांना रावबहादूर केलं. एका भावानं इंग्रजी राज्यावर टीका केली, दुसऱ्याला त्याच राज्यानं पदवी दिली. चरित्र लिहिताना हे वगळावं असं मला वाटत नाही. ज्या माणसानं जातिभेद नको म्हटलं, त्यानंच डोंगरातल्या गरीब लोकांविरुद्ध सरकारची बाजू घेतली, हे दोन्ही खरं आहे.

या सगळ्या धावपळीत व्याकरण मात्र सुटलं नाही. १८५० मध्ये त्यांनी सुधारून वाढवलेली दुसरी आवृत्ती काढली. लहान मुलांना मोठं पुस्तक झेपत नाही म्हणून १८६५ मध्ये लघुव्याकरण लिहिलं. अनेक वर्षं मराठी शाळांतली मुलं शिकली ती त्यावरूनच. टीकाही झाली. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी मराठी व्याकरणावर निबंध लिहून दादोबांच्या कितीतरी नियमांची उलटतपासणी केली. मोरो केशव दामले, म्हणजे कवी केशवसुतांचे धाकटे बंधू, यांनी १९११ मध्ये शास्त्रीय मराठी व्याकरण हा प्रचंड ग्रंथ लिहिला, तोही आधीच्यांना तपासत तपासतच. दादोबा स्वतःही आपलं तपासत राहिले. १८८१ मध्ये, वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी, त्यांनी आपल्या व्याकरणाला पुरवणी लिहिली. बाविसाव्या वर्षी सुरू केलेलं काम, पंचेचाळीस वर्षं! १७ ऑक्टोबर १८८२ रोजी ते वारले. त्यांचं आत्मचरित्र अपुरंच राहिलं. अ. का. प्रियोळकरांनी ते १९४७ मध्ये त्यांच्या चरित्रासह छापलं. मोठ्या वर्गातल्या मुलांनी ते जरूर मिळवून वाचावं. त्या काळची मुंबई त्यात दिसते.

लोक त्यांना मराठीचे पाणिनी म्हणतात. मला ते थोडं जड वाटतं. पाणिनीनं आधीच घडलेल्या, अभ्यासलेल्या भाषेला सूत्रांत बांधलं. दादोबांना तर आधी हे दाखवायचं होतं की बांधण्यासारखं काही इथं आहे.

आता तुमचं काम. खालची वाक्यं वहीत उतरून घ्या. प्रत्येक वाक्य दोन प्रकारे लिहा, एकदा च लावून आणि एकदा आले ते पद्धतीने. मग त्याचं इंग्रजी इट इज किंवा इट वॉज ने करा. ते, तो, ती यांपैकी काय आलं आणि का आलं, ते शेजारी लिहायला विसरू नका.

दादोबांचं घराणं तर्खडहून मुंबईला आलं.
आजीने नाचणीच्या पिठापासून भाकरी केली.
मुलांनी शिट्टीवरून एसटी ओळखली.
शब्दांच्या आठ जाती इंग्रजी व्याकरणातून आल्या.
मला ही गोष्ट शेजारच्या काकूंकडून कळली.

तिसऱ्या वाक्यात जरा जपून. ओळखली कुणाप्रमाणे चालतंय, मुलांप्रमाणे की एसटीप्रमाणे, ते आधी ठरवा.